गाडीखालची हातरी

आमच्या मालवणात एखादी गोष्ट टिकेल असा भरवसा वाटला नाही की अजूनही कुणीतरी म्हणतं, "तो मेस्त्रीचो आकडो, कदी सुटतलो सांगता येवचा नाय." लग्न जुळवताना म्हणतात, भागीत धंदा काढताना म्हणतात, नव्या छपराकडे बघूनही म्हणतात. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्या मेस्त्रींना पाहिलेलंच नाही, आणि उरलेल्यांनी पाहूनही सोयीने विसरून टाकलंय. परवा एका बारशाच्या पंगतीत शेजारच्या माणसाने हेच वाक्य हसत हसत टाकलं आणि मी भात तसाच सोडून उठलो. घरचे म्हणाले, इतक्या वर्षांनी एवढं काय मनाला लावून घ्यायचं. त्याचं उत्तर आता देतो. मेस्त्रींनी बसवलेला एकही आकडा कधी सुटला नाही. जो सुटला तो त्यांचा नव्हता. आणि तो त्यांचा आहे असं कागदावर लिहिणारा हात माझा होता.

मेस्त्रींची शेड गावातल्या भरड नावाच्या भागाच्या खालच्या अंगाला, दोन फणसांच्या मध्ये होती. चार खांब, वर नळ्यांची कौलं, भिंत एकाच बाजूला. त्या काळात मालवणात गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातली प्रत्येक गाडी कधी ना कधी त्या शेडमध्ये येऊन उभी राहायची. मेस्त्री उंच, काटकुळे. खाकी हाफपँट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा आणि डोक्यावर बोटीवरच्या कुणीतरी दिलेली फेल्टची टोपी. रविवारी सकाळी ते देवळात, म्हणजे त्यांच्या इगर्जीत, चर्चमध्ये, जायचे. तेव्हाही हाच वेष, फक्त हाफपँटच्या जागी काळी पँट. त्यांच्या हाताखाली कुणी नव्हतं. आले तेवढे टिकले नाहीत, कारण मेस्त्री दुसऱ्याने आवळलेला नट सोडवून स्वतः पुन्हा आवळायचे आणि तेही त्याच्यासमोर.

शेडच्या एकमेव भिंतीला खुंटीवर एक हातरी टांगलेली असायची. पातीची साधी चटई, पण कायम स्वच्छ. गाडीचं काम संपलं की मेस्त्री ती काढायचे, झटकायचे, गाडीखाली पसरायचे आणि मालकाला म्हणायचे, "पडा."

"म्हणजे?"

"आडवे पडा. काम बघा. बघल्याशिवाय गाडी भायर जावची नाय."

लोकांना आधी ही थट्टा वाटायची. मग कळायचं की इंजिनाचा किंवा ब्रेकचा एखादा महत्त्वाचा तुकडा मेस्त्रींच्या खिशात आहे आणि मालकाने खाली पडून वर बघितल्याशिवाय तो खिशातून निघणार नाही. गावातल्या डॉक्टरांनी कोट काढून त्या हातरीवर पाठ टेकलेली मी पाहिली आहे. इगर्जीचे पाद्री तर झगा गुडघ्यात गोळा करून दर वेळी मुकाट्याने सरकत आत जायचे. एक निवृत्त हेडमास्तर खाली गेले ते त्यांना वर येता येईना. मेस्त्रींनी आणि मी त्यांना पाय धरून ओढून काढलं, तर मेस्त्री त्यांना उठूसुद्धा न देता विचारताहेत, "बघलास? डाव्या बाजूचो बोल्ट बघलास?" हेडमास्तर म्हणाले, "बघलंय, बघलंय, आता माका उठवा."

हा 'बघलास?' त्यांच्या तोंडात सारखा असायचा. कुणी म्हणालं, अमक्याचं घर बांधून झालं, तर मेस्त्री विचारायचे, "तुमी बघलास?" अमका माणूस वाईट आहे असं कुणी म्हणालं, तरी तेच. न बघता बोलणाऱ्याशी ते पुढे बोलायचेच नाहीत, पाठ फिरवून काम सुरू करायचे. 'कधी होणार?' या प्रश्नालाही उत्तर नसायचं. फारच मागे लागलं तर म्हणायचे, "जाल्यार कळतला."

आणखी एक तऱ्हा म्हणजे गाड्यांवर सगळं आयुष्य काढलेला हा माणूस गाडीत बसत नसे. गाडी दुरुस्त झाली की चालवून बघायला दुसऱ्याला बसवायचा आणि स्वतः मागून धावत यायचा. पन्नाशी उलटलेला माणूस, टोपी हातात धरून धुळीतून धावतोय हे दृश्य गावाला पाठ होतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "भितर बसल्यार फुडचा दिसता. मोडता ता मागचा."

रस्त्यात एखाद्या गाडीचा मागचा दिवा बंद दिसला की ते आडवे उभे राहून ती थांबवायचे. गाडी कुणाचीही असो. प्रांतसाहेबांच्या गाडीलाही त्यांनी असंच अडवलं होतं आणि शिपाई अंगावर आला तेव्हा त्याला बाजूला सारून आत बघून म्हणाले होते, "सायबानू, तुमचो डावो दिवो मेललो आसा." गाव यावर हसायचं. हसण्यासारखं होतंच. पण हसणाऱ्यांनी पुढे काय केलं ते लक्षात ठेवूनच मी हे सांगतोय.

मी तेव्हा पंचविशीत होतो, मॅट्रिक झालेला, आणि मासेमारांच्या एका सोसायटीत सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे पत्रं लिहिणारा. माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून मला घेतलं होतं. सोसायटीचे चेअरमन म्हणजे चार मचव्यांचे मालक, पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं, सभेत बोलायला उभे राहिले की टाळ्या घेणारे. त्यांच्या डोक्यातून एक चांगली कल्पना निघाली होती, हे मला मान्य करायलाच हवं. बंदरावर आलेली मासळी कणकवलीला पोचायला बैलगाड्यांना वेळ लागायचा, अर्धी वाटेतच नासायची. चेअरमननी लष्कराच्या जुन्या सामानातली एक जीप आणि दोन चाकांचा ट्रेलर सोसायटीसाठी मिळवला. जीपच्या मागे ट्रेलर जोडायचा, त्यात मासळी भरायची आणि सकाळी निघून दुपारच्या बाजाराला कणकवली गाठायची.

पण जीपला मागे ट्रेलर जोडायचा आकडाच नव्हता, आणि ट्रेलरच्या लाल दिव्याला तारा नव्हत्या. ते काम साहजिकच मेस्त्रींकडे आलं आणि ते करून घेण्याची जबाबदारी माझ्याकडे.

मी रोज शेडमध्ये जायचो. पहिले दोन दिवस मेस्त्रींनी काहीच जोडलं नाही. मासळीच्या वजनाइतकी ओली वाळू ट्रेलरमध्ये भरायला लावली आणि भरलेला ट्रेलर सपाट राहायला आकडा जमिनीपासून किती उंच हवा ते सुतळीने मापत बसले. मग जीपच्या बंपरकडे बोट करून मला म्हणाले, "हो बघ. हो फकत धडकूक आसा. हेका कोण ट्रेलर लावीत तर तेका बंदरार बुडव." आकडा त्यांनी गाडीच्या सांगाड्यालाच, आडव्या जाड पट्टीला, चार बोल्टांनी बसवला. खाली दोन्ही बाजूंना आधाराच्या सळ्या दिल्या. आकडा सुटलाच तर ट्रेलर धरून ठेवायला म्हणून कुठल्याशा मोडक्या मचव्याच्या नांगराची साखळी कापून आणली.

तारांचं काम तर मी शेडमध्ये बसून बघतच राहायचो. तीन तारा. एक मागच्या लाल दिव्याची, एक ब्रेक दाबल्यावर पेटणाऱ्या दिव्याची, आणि तिसरी नुसती परतीची, म्हणजे दिव्याकडे गेलेली वीज बॅटरीकडे परत आणणारी. तिन्ही तारा काळ्याच होत्या, म्हणून त्यांना तांबडा, पांढरा आणि काळा असे वेगवेगळे दोरे बांधले. मग शिडाच्या कापडाची एक लांब, बोटभर रुंद पिशवी शीड शिवायच्या सुईने शिवली आणि तिन्ही तारा त्यातून ओवल्या. मी म्हटलं, "मेस्त्रीनू, ती तिसरी तार कित्याक? लोक म्हणतत आकडो लोखंडाचो आसा, वीज तेच्यातसूनच परत येता."

सुई थांबली. "लोक म्हणतत. येता, जोपर्यंत आकडो घट्ट आसा आणि गंजाक नाय. मासळेचा पाणी तेच्यार रोज गळतला. गंजलो, ढिलो जालो, की दिवो मिचमिचतलो. मगे दिवो जातलो." पुढचा टाका घालून म्हणाले, "मगे आकडो."

त्याच दुपारी त्यांनी मला लढाईतली गोष्ट सांगितली. मी विचारली नव्हती. लढाईच्या दिवसांत ते ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर लष्कराच्या वर्कशॉपात होते. एकदा बारा ट्रेलर तातडीने वर डोंगरात पाठवायचे होते आणि प्रत्येकाचा आकडा तपासून वहीत सही करायचं काम यांच्याकडे होतं. अंगात ताप होता. अकरा तपासले. बारावा दुसऱ्या टोकाला उभा होता, पाण्याच्या टाकीचा. हवालदार वही घेऊन घाई करत होता.

"मी न बघता सय केलंय," मेस्त्री म्हणाले. "वाटेर चढणीर तो ट्रेलर सुटलो. मागसून दोन पोरगे चलत येय होते. एक नेपाळी. एक वेंगुर्ल्याचो."

एवढं सांगून ते पुन्हा पिशवी शिवायला लागले. हातरी का, ते मात्र मला त्या दिवशी कळलं. गावात ते माहीत असलेला मी बहुधा एकटाच होतो. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण माझ्या गुन्ह्याला अजाणतेपणाची सवलत मिळू नये.

सहाव्या दिवशी चेअरमन चार माणसं घेऊन शेडमध्ये आले. मुंबईहून एक मंत्री येणार होते, परवाच. जीप-ट्रेलरला हार घालून त्यांच्या हस्ते बंदरावरून रवाना करायचं ठरलं होतं. आकडा बसला होता, तारा ओवून झाल्या होत्या, ट्रेलरच्या बाजूची जोडणी बाकी होती. त्यानंतर भरलेला ट्रेलर कुंभारमाठच्या चढणीवर नेऊन मेस्त्रींना मागून बघायचा होता.

"आणखी तीन दीस," मेस्त्री म्हणाले. त्यांनी आपण होऊन मुदत सांगितलेली ती एकच वेळ मला आठवते.

"परवा मंत्री येणार आहेत. तीन दिवस कसले? दिवा पेटतोय ना, चाकं फिरतायत ना?" चेअरमन चारचौघांत असले की शुद्ध बोलायचे.

मेस्त्रींनी खुंटीवरची हातरी काढली, झटकली आणि जीपच्या मागे पसरली. "पडा. बघा काय रवला ता. मगे तुमीच सांगा."

बरोबरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. चेअरमनच्या धोतराला त्या दिवशी कडक इस्त्री होती. ते म्हणाले, "एका मेस्त्रीपुढे मी लोळू?"

"माझ्याफुडे न्हय, शेटानू. गाडयेखाली."

कुणीतरी हसलं. तेच हसणं महागात पडलं, असं मला आजही वाटतं. चेअरमन धोतराचा सोगा उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मेस्त्री इगर्जीत असताना सोसायटीचा ड्रायव्हर दोन माणसं घेऊन आला आणि शेडमधून जीप घेऊन गेला, ट्रेलर माणसांनी ढकलत नेला. आकड्याचा जबडा, म्हणजे ट्रेलर अडकवायचा सुटा तुकडा, आणि साखळी मेस्त्रींनी नेहमीप्रमाणे मालकाने बघेपर्यंत काढून घरी ठेवली होती. म्हणून मग जीप कणकवलीला पळवली, तिथे एका वेल्डिंगवाल्याकडून बंपरलाच एक नवा आकडा डकवून घेतला. शिडाच्या पिशवीतल्या तारांच्या भानगडीत पडायला कुणाला वेळ नव्हता. त्या तिथेच लोंबत ठेवल्या, आणि दोन सुट्या तारा वळून ट्रेलरच्या दिव्याला नेल्या. परतीची तार घातलीच नाही. साखळी नव्हतीच.

मंत्री आले, हार घातला, भाषण झालं. ट्रेलरचा दिवा लाल पेटला होता आणि मंत्र्यांनी त्याचं कौतुक केलं. मी बाजूला सभेचा वृत्तांत लिहीत होतो. मेस्त्री गर्दीत नव्हते. ते लांब, माडाच्या बुंध्याशी उभे होते आणि ट्रेलर निघाला तेव्हा त्याच्या मागून थोडं अंतर धावले. लोक पोट धरून हसले.

तीनेक आठवडे सगळं छान चाललं. मासळी कणकवलीला ताजी पोचू लागली. मग एका सकाळी मेस्त्री सोसायटीच्या ऑफिसात आले. ऑफिसात ते कधी येत नसत. टोपी हातात होती, सदरा घामाने चिकटला होता.

"दिवो मिचमिचता," ते म्हणाले. "मी बंदरापासून मागसून धावत इलंय. खड्ड्यार गेलो की दिवो जाता, परत येता. म्हणजे आकडो हलता. गाडी उभी करा. आज."

मी लगेच उठलो आणि चेअरमनच्या घरी गेलो. ते ओसरीवर पान लावत होते. मी सांगितलं तसं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दिवो मिचमिचता म्हणान गाडी उभी करूची? दिवसाढवळ्या दिव्याचा काय काम?" मी पुन्हा म्हटलं की प्रश्न दिव्याचा नाही, आकड्याचा आहे. ते हसले. "तेका सांग, आधी हातरीर निज."

मी परत येऊन मेस्त्रींना हे सांगितलं नाही. नंतर सांगतो म्हणून टाळलं. त्यानंतर पाचव्या दिवशी ते घडलं.

संध्याकाळची वेळ. कणकवलीहून येताना ट्रेलरमध्ये बर्फाच्या लाद्या, भुशात गुंडाळून भरलेल्या. जीप कुंभारमाठच्या उतारावरून खाली आली होती, पण बर्फाच्या काही लाद्या वरच्या वाडीत पोचवायच्या राहिल्या म्हणून मागे वळून पुन्हा त्याच चढणीला लागली होती. चढणीच्या मध्यावर बंपर आकड्यासकट फाटला आणि ट्रेलर उलटा खाली निघाला. एक मासे विकणारी बाई, बाजार आटोपून, रिकामी पाटी डोक्यावर घेऊन त्याच चढणीने घरी चालली होती. तिने जीपचा आवाज पुढे गेलेला ऐकला होता, मागून किंवा पुढून आणखी काही येईल असं तिला वाटायचं कारणच नव्हतं. ट्रेलर आवाज न करता येतो. तिने बाजूला उडी मारली, म्हणून जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

त्या संध्याकाळी चेअरमननी मला घरी बोलावलं आणि मजकूर सांगितला. सोसायटीच्या जीपचा आकडा व वायरिंगचे काम भरडावरील मेस्त्रींकडून करून घेण्यात आले होते व त्यांनी काम पूर्ण झाल्याचे सांगून गाडी ताब्यात दिली. मी म्हटलं, "पण ता खरा नाय."

"आकडो तेणी बसवल्यान काय नाय?"

"बसवल्यान. पण सुटलो तो..."

"मगे लिव."

मी लिहिलं. घरात आई, दोन बहिणी, नोकरी सोसायटीची, हे सगळं होतं. पण हे सांगून मला काही हलकं वाटत नाही. माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, खाली सही केली, सेक्रेटरी म्हणून. दुसऱ्या दिवशी फौजदारांनी त्या पत्रावरून मेस्त्रींना उचललं. दोन दिवस ते कोठडीत होते. गावात तेव्हाच बोलायला सुरुवात झाली, 'मेस्त्रीचो आकडो.' हातरीवर पाठ टेकलेल्यांपैकी एकही माणूस, डॉक्टर नाही की हेडमास्तर नाही, फौजदाराकडे जाऊन बोलला नाही की आम्ही त्यांचं काम डोळ्यांनी बघितलंय. फक्त पाद्री गेले, आणि त्यांना बाहेरच थांबवलं. माझा संताप आहे तो इथे आहे. चेअरमन जसे होते तसेच वागले. पण ज्यांना त्या माणसाने हट्टाने बघायला लावलं होतं, त्यांनी वेळेला डोळे मिटले. मी त्यांच्यातच होतो, त्यांच्यापेक्षा वाईट.

चौकशी मामलेदार कचेरीत झाली. मामलेदार घाटावरून नवीन बदलून आलेले, तरुण, कमी बोलणारे. जीप कचेरीच्या आवारात आणून उभी केली होती. चेअरमन खुर्चीवर बसले होते, मी त्यांच्या मागे. मेस्त्री आले, तेव्हा त्यांच्या काखेत ती हातरी होती आणि हातात गोणपाटाचं गाठोडं. कोठडीतून सुटताच आधी शेडवर आणि घरी जाऊन ते दोन्ही घेऊन आले होते.

मामलेदारांनी विचारलं, "तुम्हाला काय सांगायचं आहे?"

"माका काय सांगूचा नाय," मेस्त्री म्हणाले. मग जरा आठवून शुद्ध मराठीत म्हणाले, "साहेब, आपण खाली पडून बघावं."

शिपाई दटावायला पुढे झाला. चेअरमन म्हणाले, "साहेब, हे डोक्याने असेच आहेत, सगळ्या गावाला माहीत आहे." मेस्त्रींनी तोवर आवारात जाऊन जीपच्या मागे हातरी पसरली होती, आणि तिच्या बाजूला, टोपी हातात धरून, ते उभे होते. मामलेदार खुर्चीवरून उठले. बाहेर आले. आम्हीही मागोमाग आलो. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, हातरीवर बसले आणि आडवे होऊन सरकत गाडीखाली गेले.

खूप वेळ ते खालीच होते. आम्हाला फक्त त्यांचे बूट दिसत होते. मेस्त्रींनी या वेळी एकदाही 'बघलास?' विचारलं नाही. मामलेदारांनीच आतून विचारलं, "ही चार बोल्टांची पट्टी कसली?"

"ती माझी, साहेब."

"आकडा फाटला तो बंपरला होता. मग हिचं काय?"

मेस्त्रींनी गाठोडं सोडलं. जबडा काढला, साखळी काढली आणि खाली वाकून मामलेदारांच्या हातात दिली. गाडीखालून लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज आला. जबडा त्या पट्टीवर चपखल बसला होता. नंतर शिडाच्या पिशवीतल्या तीन तारा दोऱ्यांसकट बाहेर लोंबत आल्या, त्याही मामलेदारांनी हाताने ओढून बघितल्या.

ते उठले, पाठीची धूळ न झटकताच माझ्याकडे वळले. खिशातून त्यांनी माझं पत्र काढलं. "हे अक्षर तुमचं?"

चेअरमननी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझं. पण यात लिहिलंय ते खोटं आहे." आणि मग सगळं सांगितलं. रविवारची गोष्ट, कणकवलीचा आकडा, मिचमिचणारा दिवा, ओसरीवरचं बोलणं. मेस्त्री माझ्याकडे बघत नव्हते, ते हातरी गुंडाळत होते.

मेस्त्रींवरचा ठपका निघाला. अहवाल रत्नागिरीला गेला. तिथून उत्तर आलं ते ड्रायव्हरचं लायसन काढून घेण्याबद्दल, कारण गाडी चालवत होता तो. चेअरमनना कुणी काही विचारलं नाही. पुढच्या सभेत त्यांनी जखमी बाईबद्दल दुःख व्यक्त करणारा ठराव मांडला, तो टाळ्यांनी नाही पण एकमताने मंजूर झाला, आणि त्याच सभेत मला कामावरून कमी केलं. पुढच्या वर्षी ते पुन्हा निवडून आले. बाई इस्पितळातून घरी आली तेव्हा मेस्त्रींनी तिला फणसाच्या लाकडाची कुबडी करून नेऊन दिली. टायरच्या रबराचं बूड लावलेली, ओल्या जांभ्या दगडावरही न घसरणारी. ती दारोदार मासे विकायला पुन्हा बाहेर पडली. कुणी काय मदत मिळाली विचारलं की सांगायची, "चेअरमनान ठराव केल्यान, मेस्त्रीन कुबडी केल्यान."

मी माफी मागायला शेडवर गेलो होतो, चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी. मेस्त्री एका सायकलीच्या चाकाचे आरे ताणत होते. मी बोललो तोवर त्यांनी ऐकून घेतलं.

"कचेरीत खरा सांगलंस ता बरा केलंस," ते म्हणाले. "नोकरी जातली तुझी. ता माका कळता." चाक एकदा फिरवून बघितलं. "पण तुका मी ती लढायेतली गोष्ट सांगललंय. मी न बघता सय केलंय. तू बघून केलंस."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. रस्त्यात भेटलो तर माझ्या पलीकडे बघायचे. मी त्यांना दोष देत नाही. शेडमध्ये गाड्या येणं हळूहळू थांबलं. चेअरमनशी वैर कुणाला नको होतं, आणि हातरीवर पडायलाही आता कुणाला निमित्त उरलं नव्हतं, कणकवलीत गॅरेज निघालं होतं, तिथे बाकावर बसून चहा मिळायचा.

मला कणकवलीच्या एका शाळेत कारकुनाची जागा मिळाली. गोवा मोकळं झालं, तिकडच्या खाणींवर ट्रकांचं काम वाढलं आणि आमच्याकडचे बरेच कारागीर तिकडे जाऊ लागले. एका सकाळी मी शाळेत जाताना स्टँडवर मोठा गलका ऐकला. सावंतवाडीकडे जाणारी बस उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कंडक्टर शिडीवर अर्धा चढून वर बघत ओरडत होता. टपावर मेस्त्री होते. त्यांची हत्यारांची पेटी केव्हाच बांधून झाली होती. ते बाकी सगळ्यांचं सामान सोडवून पुन्हा बांधत होते. ट्रंका, आंब्याच्या करंड्या, कुणाची तरी खाट.

"उतरा, बाबा, उतरा," कंडक्टर म्हणत होता. "अर्धो तास जालो."

मेस्त्री ऐकत नव्हते. जाड काथ्याची दोरी एका टोकाने त्यांच्या हातात होती आणि दुसरं टोक धरायला वर कुणी नव्हतं. दोन वेळा त्यांनी ते पायाखाली दाबून बघितलं, दोन्ही वेळा सटकलं. ते साठीकडे झुकले होते.

मी फाइल कंडक्टरच्या हातात दिली आणि शिडीने वर गेलो. मेस्त्रींनी मला पाहिलं. चेहरा तसाच राहिला, रागीट, दोन वर्षांपूर्वी होता तेवढाच. दोरीचं दुसरं टोक त्यांनी माझ्याकडे फेकलं.

"ओढ," ते म्हणाले.

मी ओढलं.

"आणखी."

तळहाताची सालं निघेपर्यंत ओढलं. त्यांनी गाठ मारली, बोट आत घालून पाहिली, पुन्हा सोडली आणि पुन्हा मला ओढायला लावली. खाली लोक शिव्या देत होते. आम्ही दोघांनी करंड्या बांधल्या, खाट बांधली, एका म्हातारीचं बोचकं बांधलं. शेवटची गाठ झाल्यावर ते शिडीने उतरले आणि आत जाऊन बसले. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बस हलली, वळणावर एका खड्ड्यात जोरात आदळली. टपावरचं काहीच हललं नाही.